अर्ज सोपा, विषयांची साखळी अवघड

कला शाखेतून इंजिनिअरिंगला जायचं तर गुणांची सरासरी चांगली राखा आणि अर्ज भरा, असं एका लेखात म्हटलंय. एवढ्यावर भागत नाही हो. मी इतिहास सोडून सिव्हिल इंजिनिअरिंगला गेले. माझी सरासरी उत्तम होती, पण ती निबंधांवर कमावलेली. निवड करणाऱ्यांनी पाहिले ते गणित आणि भौतिकशास्त्राचे गुण. त्याहून मोठी अडचण विषयांच्या साखळीची. कॅल्क्युलसशिवाय (कलनगणित) स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा अभ्यास) नाही, स्टॅटिक्सशिवाय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (पदार्थ किती ताण सोसतात ते) नाही, आणि त्याशिवाय स्ट्रक्चर्सच्या (बांधकामाच्या सांगाड्यांचा अभ्यास) वर्गात पाऊल ठेवता येत नाही. यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील तर एक सत्र हुकलं की अख्खं वर्ष गेलं. अमेरिकेत अबेटच्या (इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यतेसाठी अभ्यासक्रमात गणित-विज्ञानाचे किमान ३० आणि इंजिनिअरिंगचे किमान ४५ क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक) लागतात. कलेचे जुने क्रेडिट त्यात धरले जात नाहीत. तेव्हा मन पक्कं व्हायची वाट न बघता पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस घ्या, खरंच घ्या.

स्टॅटिक्सच्या पहिल्या तासाला मी तुळईवरचे सगळे भार बाणांनी दाखवले आणि टेकूची रिअ‍ॅक्शन (टेकू तुळईला उलट देतो तो जोर) विसरले. शेजारच्या मुलीने माझ्या वहीत पेन्सिलीने तो एक बाण काढून दिला. समीकरण लगेच सुटलं.