'पगार' आणि शांतता: एका आक्षेपाला उत्तर

'पगार' शब्दावरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'पगार' हा पोर्तुगीज 'पागार'वरून (म्हणजे पैसे देणं) आला, इथवर ठीक, पण त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'पाक्स'पर्यंत, म्हणजे शांततेपर्यंत नेणं हा जावईशोध. शिवाय 'रोमन लोक पैसे चारून शांतता विकत घेत, म्हणून हा अर्थ आला' हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं.

ते वाक्य चुकलंच. ऐकायला झकास वाटलं म्हणून लिहून गेलो. 'पाक्स'पासून बनलेलं 'पाकारे' म्हणजे शांत करणं, आणि रोमन लोक ते बहुधा तलवारीनेच करत. गॉलमधल्या (साधारण आजचा फ्रान्स) इ.स.पू. ५७ च्या मोहिमांचा शेवट करताना रोमन सेनापती सीझर 'सगळा गॉल शांत झाल्यावर' असं लिहितो, तिथे याच क्रियापदाचं रूप आहे. त्यात कोणी कोणाला दमडी दिलेली नाही. (गॉल पुढेही धुमसत राहिला, ते सोडा.)

पैसा शिरला तो नंतर, सावकाराच्या बाजूने. उत्तरकालीन लॅटिनमध्ये शांत करायचा माणूस शत्रू राहिला नाही, तर दारात बसलेला धनको झाला. त्याला शांत करायचं म्हणजे त्याचं देणं देऊन टाकायचं. तुम्हाला ही उडी फार लांबची वाटते, पण आपण तरी वेगळं काय करतो? भांडण मिटवतो आणि हिशेबही मिटवतो. तहान भागवतो आणि देणीही भागवतो.

उच्चाराचं म्हणाल, तर तिथे काहीच अडत नाही. दोन स्वरांमधल्या 'क'चा स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'ग' होतो: 'आमिकुस'चा 'आमिगो', तसा 'पाकारे'चा 'पागार'. आपल्या मकराची मगर झाली, तसंच. इटालियनमध्ये 'पागारे' झालं. फ्रेंचांनी तो 'ग'ही गिळला आणि 'पेये' उरलं.

पण खरा पुरावा अर्थांतच आहे, कारण जुना अर्थ पुरता मेलेला नाही. इटालियन 'आप्पागारे' म्हणजे इच्छा तृप्त करणं. स्पॅनिशमध्ये स्वतःवरच खूश असलेल्या माणसाला 'पागादो दे सी मिस्मो' म्हणतात. तिथे 'पागादो'चा अर्थ पैसे मिळालेला नव्हे, संतुष्ट. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'आपागार'. स्पॅनिश आणि पोर्तुगीज, दोन्हींत याचा अर्थ विझवणं. आग, दिवा, आता फोनसुद्धा. पगाराचा आणि दिवा विझण्याचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. देवापुढची समई विझली की आपल्या घरात काय म्हणतात? दिवा शांत झाला.

रोमेनियनबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. लॅटिनमधून निघालेल्या 'सगळ्याच भगिनीभाषा याच क्रियापदाने पैसे देतात' असं मी ठोकून दिलं होतं. रोमेनियनमध्ये पैसे देणं म्हणजे 'प्लती', आणि ते स्लाव्ह भाषांकडून घेतलेलं. पण त्याच भाषेत 'अंपका' हे क्रियापद आहे, 'पाक्स'च्याच घराण्यातलं, आणि त्याचा अर्थ समेट करणं. म्हणजे पूर्वेला एकट्या पडलेल्या या बहिणीने शब्द पैशाला लागू न देता जपला. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतंय, असं मला वाटतं.

राहिला शेवटचा प्रश्न: 'पागार' हे क्रियापद, मग मराठीत नाम कसं झालं? पोर्तुगीजमध्ये वेतनाला 'पागा' हे नाम आहेच. (आपल्याकडे 'पागा' आधीच घोड्यांनी अडवलेली होती, पण हा विनोद समजा, व्युत्पत्ती नव्हे.) माझा अंदाज साधा आहे. १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे असलेल्या वसईत किंवा गोव्यात कामगाराच्या कानावर पडलं ते 'पागार', आणि ते ऐकल्यावर हातात आले ते पैसे. उसना शब्द घेताना व्याकरण विचारत कोण बसतं?

मूळ लेखातलं रोमनांचं आणि रोमेनियनचं, दोन्ही वाक्यं आज दुरुस्त केली आहेत.