सुखरूप सुटका झाली, तरी हे लिहायला हवं होतं

नमस्कार सिस्टर,

माझ्या बाळंतपणाच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. लेबर रूममध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, मग तक्रार कसली? एका वेळी चार-चार जणींकडे बघणाऱ्या सिस्टरने प्रत्येकीशी गोड कधी बोलायचं? आणि असे लेख वाचून पहिलटकरणी दवाखान्याचीच धास्ती घेतील, त्याचं काय?

गोड बोलावं अशी माझी अपेक्षा नव्हतीच. माझ्या अंगाला हात लावण्याआधी काय करणार आहात आणि कशासाठी, तेवढं सांगा, इतकंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

एक प्रसंग सांगते, मग बघा पटतं का. बाळापाठोपाठ वारही (पोटात बाळाला पोसणारा, नाळेने जोडलेला भाग) पडली होती, सगळं संपलं म्हणून मी डोळे मिटले होते, तेवढ्यात एका सिस्टरनी माझं ओटीपोट जोरात दाबलं. मी किंचाळले, त्यांचा हात ढकलला. "आता कशाला ओरडतेस?" असं ऐकावं लागलं. त्या काय करत होत्या हे मला पुष्कळ नंतर, वाचून कळलं. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशय आकसून घट्ट झालं की त्याचे स्नायूच त्या आवळून धरतात आणि रक्त थांबतं. ते सैल राहिलं तर बघता बघता इतकं रक्त जातं की बाईच्या जिवावर बेततं. म्हणजे ज्या हाताचा मला इतका राग आला, तो माझा जीव राखत होता! हे मला तेव्हाच कळलं असतं तर मी दातावर दात दाबून पडून राहिले असते. "पोट दाबून बघते, दुखेल, पण रक्त जास्त जात नाही ना ते बघायलाच हवं," हे हाताने काम चालू ठेवूनही म्हणता येतं. तुम्ही हे काम केलं आहे. नाही का येत?

दुसऱ्या खेपेच्या बाईला निदान पहिली आठवण असते. पहिलटकरणीला नेहमीचं काय आणि बिघडलेलं काय, हे ओळखायला काहीही हाताशी नसतं. माझी आतून तपासणी झाली की "अजून तीनच सेंटिमीटर" एवढं कानावर यायचं, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड तेवढंच उघडलं आहे; तेही दुसऱ्या कोणाला तरी सांगितलेलं. आपल्यातच काही खोट आहे, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत, असं वाटून मी रडत होते. हे तोंड तासाला एक सेंटिमीटर तरी उघडायला हवं, या हिशेबाची मुळं १९५५ साली अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ डॉ. इमॅन्युएल फ्रिडमन यांनी मांडलेल्या आलेखापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की काही जणींसाठी हा वेग अवास्तव आहे आणि केवळ वेग कमी आहे म्हणून उपचारांची घाई करू नये. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत किती वेळ जाईल याला ठरावीक मापच नाही. त्यानंतरही पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. "पहिली वेळ आहे, वेळ लागतो, बाळाचे ठोके चांगले आहेत." मला कोणी इतकं म्हणायला हवं होतं.

बाळाची वाट मोठी करायला खालून छेद घेतला हे तर टाके घालताना कळलं. सरसकट छेद घेऊ नये असं त्याच सूचना सांगतात. माझ्या वेळी गरज असेलही, पण ती काय होती हे मला आजतागायत माहीत नाही.

चार जणी आणि एक सिस्टर, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि त्याचा दोष मी सिस्टरला देत नाही. इतक्या कमी माणसांवर वॉर्ड चालवणाऱ्यांना तो द्यायला हवा. पण मग घरच्या माणसाला दाराबाहेर का बसवायचं? कळा देणाऱ्या बाईजवळ सतत कोणी सोबतीला असेल तर सिझरचं प्रमाण कमी होतं आणि बाळंतपणाला वेळही कमी लागतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलं आहे. पाठ चोळायला, पाणी पाजायला, वेळेवर हाक मारायला माणूस असेल तर तुमचाही भार हलका होईल.

"आमच्या वेळच्या बायका कुठे एवढं बोलल्या?" असंही तुम्ही लिहिलंत. त्यांना कोणी विचारलंच नाही, सिस्टर. त्यांच्या गप्प राहण्याला मी संमती मानणार नाही.

राहिली भीतीची गोष्ट. बाळंतपण दवाखान्यातच करा, असं मी लेखातही लिहिलं होतं आणि आजही तेच सांगेन. रक्तस्राव सुरू झाला तर घरी काय करणार? पण वाईट वागणूक मिळालेल्या बायका पुढच्या वेळी दवाखान्यात यायला कचरतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या निवेदनात मांडलं आहे. म्हणून पोटुशी असलेल्या मैत्रिणींना मी सांगते की सोबत कोणाला ठेवता येईल, कळा येत असताना चालता येईल का, छेद घेण्याआधी सांगाल का, हे आधीच्या तपासण्यांच्या वेळीच विचारून ठेवा. ऐन वेळी तोंडून शब्द फुटत नाही. बाळाचे ठोके एकदम घसरले तर समजावत बसायला कोणाला सवड नसते, हे मीही जाणते. तेव्हा "बाळाला लगेच बाहेर काढावं लागेल" एवढंच म्हटलं तरी चालेल. बाकीचं नंतर सांगा, पण सांगा.

आता तुम्हाला एक विनंती. चार जणी एकदम कळा देत असतात तेव्हा तुम्ही कोणाकडे आधी वळता, घाबरलेल्या पोरीला काय म्हणता, कुठे तुमचाही धीर सुटतो, हे सविस्तर लिहून पाठवाल का? एक अक्षरही न कापता मी ते इथे छापेन.