सिल्व्हर स्पून, कोमाबाच्या गाई आणि आमचे अण्णा

परवा एका मित्राने विचारलं की ऑफिसमधनं दमून आल्यावर डोक्याला ताप न देणारी एखादी मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, सांगा, आणि दुसऱ्याने लगेच सिल्व्हर स्पून सांगितली. म्हणाला गाई-बिई, हिरवळ, खाणंपिणं, एकदम रिलॅक्स. मला राहवलं नाही म्हणून एवढं मोठं लिहितोय. ज्याच्या घरी गोठा आहे त्याने ही मंगा रिलॅक्स होऊन वाचून दाखवावी. (पुढे स्पॉयलर आहेत, वाचायची असेल तर इथंच थांबा.)

सिल्व्हर स्पूनची लेखिका हिरोमु अराकावा म्हटलं की सगळ्यांना तिची आधीची मंगा फुलमेटल अल्केमिस्ट आठवते, ती आठवायलाच हवी, 2001 ते 2010, 27 खंड आणि शेवटपर्यंत कुठेही पकड ढिली नाही. पण ही बाई मुळात होक्काइडोतल्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरची. जपानचं निम्म्याहून जास्त दूध त्या एका बेटावर निघतं. शाळा संपल्यावर सात वर्षं तिने घरच्या गोठ्यात काम केलं आणि मग टोकियोला गेली. स्वतःचं चित्र काढते ते चष्मा लावलेल्या गाईचं. तर 2011 मध्ये तिने शोनेन संडेसारख्या पोरांच्या साप्ताहिकात ही शेतकी शाळेची गोष्ट सुरू केली, ती ज्या शाळेत शिकली तिच्यावर बेतलेली. मध्ये घरातल्या आजारपणामुळे बऱ्याचदा खाडा पडला, 2019 ला संपली, एकूण 15 खंड.

हिरो हाचिकेन हा सापोरो शहरातला अभ्यासू पोरगा, मार्कांच्या शर्यतीला आणि बापाला कंटाळून होस्टेल आहे म्हणून या शाळेत येतो. त्याला अंडं कोंबडीच्या कुठून येतं हे बघून किळस येते, इथपासून सुरुवात. डुकराच्या पिलाचं प्रकरण सगळ्यांना माहितीये, पिलाला मांसाच्या डिशचंच नाव देतो, बुतादोन, आणि शेवटी त्याचं सगळं मांस स्वतःच्या कमाईतनं विकत घेतो. त्यावर लोक भरपूर बोलतात म्हणून मी बोलत नाही.

मला बोलायचंय ते सांडलेल्या दुधाबद्दल. सुट्टीत हाचिकेन मिकागे नावाच्या वर्गातल्या मुलीच्या घरी गोठ्यावर कामाला जातो. एक दिवस पाइप नीट जोडायचा विसरतो आणि टाकीत जाणारं दूध वाया जातं. पोरगं नुसतं गळून जातं. आणि सुट्टी संपताना मिकागेचे वडील त्याच्या हातात मजुरी ठेवतात तेव्हा त्याला ती घ्यायला लाज वाटते. ते घ्यायला लावतात. बास, एवढंच आहे. मी हे वाचताना पुण्यातल्या रूमवर होतो आणि मला आमची किटली दिसली. चौथीत असताना दूध संस्थेच्या पायरीवर माझ्या हातनं पडली होती, संध्याकाळचं सहा लिटर दूध, पायरीवरनं खाली गटारीकडं जाणारा पांढरा ओघळ, आणि अण्णा खाली वाकून आधी किटलीचं झाकण उचलताहेत. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. म्हणाले, "भाजलं न्हाई न्हवं? मग चल." दूध थंड होतं, भाजायचा प्रश्नच नव्हता, पण काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असणार हे मला त्या पानावर येऊन कळलं.

आता फुलमेटल वाचलेल्यांनी जरा विचार करा. तिथला सगळ्यात मोठा नियम काय, की काही मिळवायचं तर तेवढ्याच तोलाचं काहीतरी द्यावं लागतं. हीच लेखिका गोठ्यात आल्यावर तो नियमच लागू करत नाही. दूध सांडलं तरी मजुरी पुरी मिळते. आणि उलट्या बाजूला हाचिकेनच्या वर्गातला कोमाबा आहे, बाप नाही, आई आणि दोन लहान बहिणी, शाळा, बेसबॉलची प्रॅक्टिस आणि वर घरचा गोठा, एवढं सगळं करणारा पोरगा, ज्याने बदल्यात द्यायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. त्याची टीम हरते. कर्ज फिटत नाही, गोठा बंद होतो, शाळा सुटते. आणि मिकागेच्या घरचे त्या कर्जाला जामीन राहिलेले असतात म्हणून त्यांचे घोडे विकायची वेळ येते.

जामीन! जपानच्या कॉमिकमध्ये हा शब्द वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या वाळवा तालुक्यात हा शब्द कोणाला समजवावा लागत नाही. अण्णा चुलतभावाला जामीन होते, नाव सांगत नाही त्या पतसंस्थेचं, हप्ते थकले आणि नोटीस आमच्या दारात आली. दोन एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या, गाई होत्या, एक नुकती व्यालेली. टेम्पो आला तेव्हा अण्णा तिच्या पाठीवरनं हात फिरवत नव्हते की काही नाही, दावं सोडून नीट गुंडाळून खुंटीला अडकवत होते. दावं घरचं होतं, ते द्यायचं नव्हतं.

अराकावाने हे चितारताना कोणालाच व्हिलन केलेलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. कर्ज देणारा वाईट नाही, मिकागेचा बाप आळशी नाही, पोरगं दारुडं नाही. सगळे सरळ आहेत आणि तरी गोठा जातो. 2018 च्या जुलैत आपल्याकडं दूधदराच्या आंदोलनात दूध रस्त्यावर ओतलं तेव्हा शहरातले लोक म्हणत होते नासाडी कशाला करता. त्यांना मी व्याख्यान देणार नाही, त्यांनी फक्त कोमाबाची प्रकरणं वाचावीत. कादंबरीत दोन पानं दुःख लिहिता येतं, इथं एका चौकटीत गाई ट्रकमध्ये चढताना दिसतात आणि तुम्ही किती वेळ बघायचं ते तुमच्यावर सोडलेलं असतं.

मला हे मराठीत हवंय, आमच्या बोलीत, मनापासून हवंय, आणि आपल्या दूध संस्थांवर, दुधाच्या फॅटवर, दहा दिवसांच्या बिलावर कोणीतरी असं काढायला हवंय. तोवर मी स्वतःच वाचून दाखवतोय. दिवाळीला गावी गेलो तेव्हा खंड सोबत नेले होते. अण्णांना इंग्रजी येत नाही, उजवीकडनं डावीकडं पान कसं बघायचं ते दोन मिनिटांत कळलं आणि मग मी एकेक चौकट मराठीत सांगत गेलो. मिल्किंग मशीनवर बराच वेळ थांबले, कासेला लावायच्या कपांवर बोट ठेवून म्हणाले हे बरोबर काढलंय. मजुरीच्या पानावर काही बोलले नाहीत. कोमाबाच्या गाई गेल्या तिथं मी जरा घाईने पान उलटायला लागलो तर त्यांनी हात धरला.

"ह्या गाई घेतल्या कुणी?"

मी ते प्रकरण चार वेळा वाचलंय, त्यावर मित्रांशी रात्र रात्र वाद घातलाय, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. म्हटलं बघून सांगतो. तर म्हणाले, "बघ. चांगल्या घरी गेल्या का तेवढं बघ."