‘नोटीस देऊ नका, थेट कुलूप बदला’ म्हणे!

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरू आपोआप बाहेर. नोटीस दिली तर तो सावध होतो. व्हॉट्सॲपवर दम द्या, नाहीच ऐकलं तर पाणी-वीज तोडा, कुलूप बदला. घरमालकांच्या नोटिसा लिहून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे लिहितोय.

अकरा महिन्यांची गोष्ट अर्धी खरी आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे (म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) ताब्यासाठी अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क मागता येतं. पण आदेश मिळवावा लागतो, ‘आपोआप’ काही होत नाही. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं, ते खोटं पाडायचं ओझं मालकावर. मुदतीच्या आतच काढायचं असेल, तर करारातलं नोटिशीचं कलम आधी वाचा.

जुन्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या खोल्यांचं गणित वेगळं. तिथे भाडं थकलं म्हणून दावा लावायचा तर याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी मागणीची नोटीस पोचल्यावर ९० दिवस थांबावंच लागतं. ऐंशीव्या दिवशी दावा लावलात, तर भाडेकरूच्या वकिलाला फारसं काही करावंच लागत नाही. आणि दाव्याचं समन्स पोचल्यावरही ९० दिवसांत त्याने थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च कोर्टात भरला तर थकबाकीच्या कारणावर जागा खाली करण्याचा हुकूमनामा मिळत नाही. हे ऐकून मालक माझ्यावरच चिडतात. पण मग नोटिशीला घाबरायचं कारण काय? सावध होऊन त्याने पैसे भरले, तर थकबाकी वसूलच झाली की!

व्हॉट्सॲपचा दम? थकबाकीची ही नोटीस बजावायची ती १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ च्या रीतीने: लेखी, सहीची, टपालाने किंवा हातोहात, नाहीतर घरातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे. यातलं काहीच जमत नसेल तर जागेवर ठळक ठिकाणी चिकटवून. ‘दोन निळ्या टिका आल्या’ हे त्यात कुठे बसत नाही.

शेजाऱ्यांना उपद्रव हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मधलं वेगळं कारण, त्याला ९० दिवसांची अट नाही. तरीही आधी ताकीद द्या. ‘तुम्ही त्याला कधी सांगितलंत?’ हा प्रश्न उलटतपासणीत येतोच, आणि तेव्हा तारखेचं पत्र व शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारी लागतात.

पाणी-वीज तोडणं त्याच कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. कुलूप बदललंत, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली भाडेकरू सहा महिन्यांत ताबा परत मागू शकतो, आणि तिथे मालकी कोणाची हे विचारलं जात नाही.

तेव्हा नोटिशीत कोणत्या महिन्याचं किती थकलं ते वेगवेगळं मांडा. ‘बरीच थकबाकी’ असं मोघम लिहू नका. आणि टपालाची पोचपावती जपून ठेवा, ९० दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजायचेत.