बुटका नवरदेव

भाचीच्या लग्नात स्वतः विणलेलं पांघरूण द्यावं आणि त्यावर वारली चित्र असावं, ही कल्पना नेमकी साखरपुड्याच्या जेवणानंतर सुचते. पोट भरलेलं असलं की सगळंच सोपं वाटतं. वारली माणूस म्हणजे तरी काय, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण नि वर ठिपका!

गोम आहे ती त्या कंबरेत. दोन्ही बाजूंनी टाका टाका आत येत शेवटी पांढरा एकच उरतो. तो ढिला पडला की माणसाचे सरळ दोन तुकडे.

शिवाय लोकरीचा टाका उंचीपेक्षा रुंद. आठ नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीची लोकर घेतली, तर दहा सेंटिमीटरांत 22 टाके बसतात, ओळी मात्र 28 लागतात. चौकटीच्या वहीत 28 घरं उंच काढलेला नवरदेव विणून झाल्यावर 22 घरांएवढाच भरतो, आणि ते वरपक्षाला सगळ्यात आधी दिसतं. म्हणून कागदावरची घरंच आडवी आखायची: रुंदी 14, तर उंची 11.

हिशेब एकदाच करावा, पुन्हा करू नये. तीस सेंटिमीटरचे वीस चौकोन, एकेकात 66 टाके नि 84 ओळी. झाले 1,10,880 टाके. मिनिटाला वीस धरले तरी 92 तास, आणि तेही साध्या विणीचे. दोन रंगांत दुप्पट धरा. लोकर साधारण किलोभर लागते. ती एकदमच आणि एकाच लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, घ्यावी. नाहीतर अर्धं पांघरूण गेरूचं आणि अर्धं विटेचं होतं.

वापरात नसलेला पांढरा धागा मागून लांबवर मोकळा नेला, तर पहिल्याच रात्री नवरीची जोडवी त्यात अडकणार. पाच टाक्यांहून लांब जायचं असेल तर मध्ये दुसऱ्या रंगाच्या धाग्याशी पीळ द्यावाच. पण मागचा धागा ओढून धरला की चौकोन पापडासारखा आक्रसतो. हातपाय तर विणूच नयेत, तिरकी रेघ लोकरीत जिना होते. ते नंतर जाड सुईने टाक्यांवरून गिरवावेत.

वारल्यांच्या लग्नचौकात, म्हणजे लग्नासाठी काढलेल्या चौकोनी चित्रात, पालघट देवी असते. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, तिथेच ती शोभते. पायावर ओढून घ्यायच्या वस्तूवर आपला तारपा नाचच बरा, असं माझं मत.

सुलट विणीच्या (एक ओळ सुलट, एक उलट) कडा हमखास वळतात. चारी बाजूंना सहा टाके दोन्हीकडून सुलटच विणले तर जरा ताळ्यावर राहतात. उरलेली वळी बघून घरातलं कोणीतरी म्हणतंच, “आण, इस्त्री फिरवते.” लोकर ॲक्रिलिकची असेल तर तिथेच इस्त्रीवर झडप घालावी, कारण तापलेली इस्त्री टेकली की वीण चपटी नि चकचकीत होते आणि पुन्हा कधी उठत नाही. त्यापेक्षा चौकोन ओला करून टॉवेलवर टाचण्यांनी ताणावा आणि दोन दिवस हलवू नये. वीस चौकोन, दोन दिवस, लग्नघर. पलंग एकच, आणि त्यावर आत्या झोपल्यात.