‘हायस्कूल पास झालं की नोकरी दारात’, म्हणे!

एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. फोटोत पांढऱ्या झग्यातल्या मुली, कडक कॉलरची मुलं. खाली मजकूर असा: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत हायस्कूल पास म्हणजे आजच्या एमएच्या तोडीचा, पुराव्याला १८९५ची आठवीची प्रश्नपत्रिका. पास झाल्याचा समारंभ साधा, खर्च शून्य. पास झाला की नोकरी दारात. आणि गरीब-श्रीमंत, गोरे-काळे सगळे एका बाकावर. ‘जुनी मॅट्रिक’ आपल्याही घरोघरी मिरवली जाते, त्यामुळे असलं काही आपल्याला चटकन पटतं.

आधी प्रश्नपत्रिका. ती कॅन्ससमधल्या सलायनाची म्हणून दाखवतात. त्यातलं एक गणित घ्या: गाडीची पेटी २ फूट खोल, १० फूट लांब, ३ फूट रुंद, त्यात किती बुशेल (तिथलं धान्याचं माप) गहू मावेल? साठ घनफूट, म्हणजे साधारण ४८ बुशेल. बुशेल केवढा हे ठाऊक नसल्यामुळे आपल्याला घाम फुटतो. ज्याच्या घरची गाडी दर हंगामात गव्हाने भरायची, त्या पोराला कसला फुटणार? शिवाय हा पेपर आठवीचा, आणि तिथलं हायस्कूल सुरू व्हायचं आठवीनंतर, मग त्यावरून हायस्कूलची पातळी कशी काढणार? बहुतेकांची शाळा आठवीला किंवा त्याआधीच सुटायची. १९०० साली सतरा वर्षांच्या मुलामुलींपैकी हायस्कूल पूर्ण करणारे शंभरात सहा-सात. १९१० साली नऊच्या आत. निम्म्यांपर्यंत आकडा पोचायला १९४० उजाडलं. फोटोत दिसतात ते हे गाळून उरलेले. त्याच १९००च्या जनगणनेत १० ते १५ वयाची साडेसतरा लाख मुलं कमावती म्हणून नोंदली आहेत. ती या फोटोत कुठून येणार?

‘साधा समारंभ’ वाचून तर हसूच आलं. प्रत्येक वर्गाचं स्वतःचं ब्रीदवाक्य (शक्यतो लॅटिन, म्हणजे वजन पडतं), वर्गाचे रंग, वर्गाचं फूल. रविवारी चर्चमध्ये खास प्रवचन. मग मुलामुलींची भाषणं, पुढे कोण काय होणार याची थट्टेखोर भविष्यवाणी, आणि खालच्या वर्गाला काय काय ‘वारसा’ म्हणून ठेवलं त्याचं चक्क मृत्युपत्र. खरी चढाओढ मुलींच्या झग्यांत. कुणाची लेस भारी, कुणाचं रेशीम! ऐपत नसलेल्या घरांची त्यात ओढाताण व्हायची. म्हणून काही शाळांनी कापडाच्या खर्चावर मर्यादा घातली, काहींनी झगा शिवणाच्या तासाला स्वतःच शिवायचा नियम केला. विद्यापीठांतला गाऊन नि चौकोनी टोपी हायस्कुलांत आली, तिलाही हे एक कारण होतं: सगळे सारखे दिसावेत. आज ज्याला भपका म्हणून नावं ठेवतात, ते तेव्हा काटकसरीचं औषध होतं. इंग्रज संगीतकार एल्गारची ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ ही प्रसिद्ध धूनही १९०५ साली येल विद्यापीठातून अशा समारंभांत शिरली. तिथे ती मंडळी बाहेर पडताना वाजली होती, आत येताना नव्हे.

नोकरीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. आयोवा राज्याच्या १९१५च्या जनगणनेत लोकांचं शिक्षण आणि कमाई दोन्ही विचारलं होतं. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी ते कागद तपासले. हायस्कूल शिकलेल्यांची कमाई खरोखरच चांगली होती. पण ती का? असे लोक मोजकेच होते म्हणून. आणि दार सगळ्यांना सारखं उघडत नव्हतं. १९०० साली पास झालेल्या सुमारे ९५ हजारांत ५७ हजार मुली होत्या, कारण मुलगे तोवर कामाला जुंपलेले असायचे. त्या मुलींपुढे वाटा ठरलेल्या: टायपिंग-शॉर्टहँड शिकून कचेरी, नाहीतर खेड्यातली शाळामास्तरकी. त्यातही लग्न केलं की अनेक ठिकाणी शिक्षिकेला घरी बसवत. कॉलेज तर फार थोड्यांच्या नशिबी. १९१० साली १८ ते २४ वयोगटातले शंभरात तीनेक जण तिथे होते.

राहिला ‘एक बाक’. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी १८८०पासून वेअर हायस्कूल होतं. १८९७ साली शिक्षण मंडळाने ते बंद केलं. सबब अशी की कृष्णवर्णीय मुलांच्याच प्राथमिक वर्गांना जागा हवी. हायस्कूलच्या साठेक मुलांचं सरकारी शिक्षण तिथेच खुंटलं. गोऱ्या मुलींचं हायस्कूल मात्र चालूच. पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९९ साली हरले. निकाल एकमताचा, आणि लिहिला कुणी? तीनच वर्षांपूर्वी रेल्वेतल्या गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या डब्यांच्या खटल्यात एकट्याने विरोधी मत दिलेल्या न्यायमूर्ती हार्लन यांनी! त्याच राज्यातल्या अटलांटात कृष्णवर्णीयांसाठी पहिलं सरकारी हायस्कूल निघालं ते १९२४ साली. म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या सोनेरी काळात तिथल्या या मुलांना बाक सोडाच, सरकारी हायस्कूलची इमारतही नव्हती.