कम्युनिटी कॉलेज म्हणजे फेल गेलेला प्रयोग? फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

सध्या एक मजकूर जिकडे तिकडे शेअर होतोय, की अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं (शाळेनंतरची पहिली दोन वर्षं शिकवणारी स्थानिक सरकारी कॉलेजं) म्हणजे कुठेच ॲडमिशन न मिळालेल्या मुलांची सोय, ती काढलीच मुळात युनिव्हर्सिटीतली गर्दी बाहेर ठेवायला, तिथल्या क्रेडिट्सना, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या नोंदीला, पुढे कुणी विचारत नाही, आणि बहुतेक मुलं डिग्री न घेताच निघून जातात म्हणून हा सव्वाशे वर्षांचा प्रयोग फेल गेलाय. खाली ग्रॅज्युएशन रेटचा एक छोटासा आकडा लावलेला असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी अभ्यास करून लिहिलंय. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि लोक नेमके तिच्यावरच फसतात.

तीच आधी घेऊ, गर्दी बाहेर ठेवायची गोष्ट. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावी हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवायला सुरुवात झाली, पहिल्या बॅचला विद्यार्थी होते फक्त ६, आणि आज जोलिएट ज्युनियर कॉलेज हे सलग चालू असलेलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज मानलं जातं. यामागे दोन माणसं होती. शिकागो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना खरोखरच वाटायचं की पहिली दोन वर्षं दुसरीकडे व्हावीत आणि युनिव्हर्सिटीने वरचे वर्ग आणि संशोधन बघावं, म्हणजे मेसेजवाल्याने हे अगदी हवेतून आणलेलं नाहीये. पण दुसरे होते जोलिएटच्या हायस्कूलचे जे. स्टॅनली ब्राउन, आणि त्यांच्यासमोर होती घर सोडून लांब राहणं न परवडणारी मुलं, ज्यांनी गावात राहूनच दोन वर्षं शिकायचं आणि मग त्याच क्रेडिट्सवर युनिव्हर्सिटीत पुढच्या वर्षाला जायचं. मेसेजमध्ये हार्पर यांची बाजू आहे, ब्राउन यांची गायब आहे.

आणि समजा हेतू गर्दी अडवायचाच होता, तर पुढचा इतिहास जुळतच नाही. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये हायस्कूलांना असे वर्ग चालवायची परवानगी देणारा कायदा केला, १९१० मध्ये फ्रेस्नोला ते सुरू झाले. १९४४ च्या जीआय बिलमुळे, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या कायद्यामुळे, युद्धावरून परतलेले सैनिक लाखोंनी कॉलेजात आले, ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं असेही त्यात खूप होते. मग १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी उच्च शिक्षणासाठी नेमलेल्या कमिशनने सांगितलं की किमान ४९ टक्के लोकांमध्ये शाळेपुढची दोन वर्षं पूर्ण करायची कुवत आहे, ती दोन वर्षं सगळ्यांना फुकट मिळावीत, आणि वंशावरून प्रवेश नाकारणं बंद व्हावं. हे त्या काळात सरकारी अहवालात लिहिणं साधी गोष्ट नव्हती. १९६० च्या दशकात ४५७ नवी सरकारी कम्युनिटी कॉलेजं उघडली, म्हणजे दहा वर्षं जवळपास दर आठवड्याला एक. १९६८ मध्ये नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी स्वतःचं कॉलेज काढलं, जे आज दिने कॉलेज म्हणून चालतं. आता हे सगळं कुणाला बाहेर ठेवायला केलं म्हणायचं?

हो, कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे उच्च शिक्षणाच्या आराखड्यात, चाळणी होती, हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांतले वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरचा एक तृतीयांश स्टेट कॉलेजांत, आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. पण तिथून दोन वर्षांनी ट्रान्सफर घेऊन वर जायचा रस्ताही त्याच प्लॅनमध्ये होता, हे वाक्य मेसेजमध्ये नसतं.

"ॲडमिशन न मिळालेले" या शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ही कॉलेजं कुणालाही नाकारत नाहीत, ते त्यांचं धोरणच आहे, त्यामुळे तिथे अठरा वर्षांची मुलं असतात तशा नोकरी सांभाळून येणाऱ्या आयाही असतात आणि कारखाना बंद पडल्यावर नवं काम शिकणारी माणसंही असतात. आयलीन कॉलिन्स कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजमधून १९७६ मध्ये बाहेर पडल्या, पुढे सिरॅक्यूजला शिकल्या आणि १९९९ मध्ये स्पेस शटलची कमान सांभाळणारी पहिली स्त्री झाल्या. माणसाचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक असलेले क्रेग व्हेंटर व्हिएतनामहून परतल्यावर कॉलेज ऑफ सॅन मटेओत शिकले. पण मोठी नावं राहू दे, नर्स बघा. १९५२ मध्ये मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या कल्पनेवर दोन वर्षांच्या नर्सिंग डिग्रीचा प्रयोग सुरू झाला, आणि आजही अशी डिग्री घेतलेली नर्स आणि चार वर्षांची डिग्री घेतलेली नर्स लायसन्ससाठी एकच परीक्षा देतात.

क्रेडिट्सचं थोडक्यात. फ्लोरिडात असोसिएट इन आर्ट्स ही कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची डिग्री घेतली की राज्याच्या युनिव्हर्सिटी सिस्टिममध्ये प्रवेशाची हमी आहे (हव्या त्याच कॅम्पसची किंवा कोर्सची नाही, हे पण लक्षात ठेवा), आणि कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून स्टेट युनिव्हर्सिटीसाठी तसाच रस्ता केला. क्रेडिट्स वाया जातात हे खरंय, अमेरिकन सरकारच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज दिला होता की ट्रान्सफर करणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बुडतात, पण तो आकडा सगळ्या प्रकारच्या ट्रान्सफरचा मिळून आहे, एका युनिव्हर्सिटीतून दुसरीत जाणारेही त्यात आले. दोष ट्रान्सफरच्या नियमांत आहे, तो एकट्या कम्युनिटी कॉलेजवर का ढकलायचा.

आता तो ग्रॅज्युएशन रेट. नेहमी फिरणारा आकडा मोजतात कसा ते बघा: पहिल्यांदाच कॉलेजला आलेले, पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी घ्यायचे आणि त्यातल्या किती जणांनी तिथूनच तीन वर्षांत कोर्स पूर्ण केला ते बघायचं. कम्युनिटी कॉलेजात जवळपास दोन तृतीयांश विद्यार्थी पार्टटाइम असतात, ते मोजणीतच नाहीत. जो दीड वर्षात चांगले मार्क घेऊन, असोसिएट डिग्रीसाठी न थांबता युनिव्हर्सिटीत गेला, तोही इथे ग्रॅज्युएट धरला जात नाही. बसमधून आपल्या स्टॉपवर उतरलेला प्रवासी शेवटच्या स्टॉपला पोचला नाही म्हणून हरवला असं लिहिण्यासारखं आहे हे.

तरीही मी असं म्हणणार नाही की सगळं छान चाललंय. इथे येणाऱ्या साधारण ८० टक्के विद्यार्थ्यांना बॅचलर्स, म्हणजे चार वर्षांची, डिग्री हवी असते, ट्रान्सफर होतात एक तृतीयांशच्या आसपास, आणि सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडते ती साधारण १६ टक्क्यांच्या. हे वाईट आहे, आणि ज्यांना या कॉलेजांबद्दल आपुलकी आहे त्यांनी ते आधी बोललं पाहिजे. पण मेसेज इथे थेट उडी मारतो की विद्यार्थीच कच्चे, कॉलेजच बेकार. ते तपासून झालंय. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला, ज्यात पूर्णवेळ शिकायची अट, हाताशी थोडेच विद्यार्थी असलेला सल्लागार जो खरोखर वेळ देतो, आर्थिक मदत वजा करून फीची उरलेली रक्कम माफ, पुस्तकांना मदत, शिकवण्या आणि सबवेचा पास. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून तुलना केली, आणि हे विद्यार्थी हुशार म्हणून निवडलेले नव्हते, उलट गणित किंवा भाषेचे पायाभूत कोर्स करावे लागणारेच होते. तीन वर्षांत नेहमीच्या गटात २२ टक्के ग्रॅज्युएट झाले, कार्यक्रमातल्या गटात ४०. न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी असेल म्हणावं तर ओहायोतल्या तीन कॉलेजांतही असंच करून बघितलं, तिथे १९ वरून ३५ झाले. विद्यार्थी तसेच, कॉलेजं तीच. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला हे खरं, पण डिग्री घेऊन बाहेर पडणारे इतके वाढले की न्यूयॉर्कमध्ये एका डिग्रीमागचा खर्च उलट कमी निघाला.